घासलेल्या चावीचे कारागीर

‘स्टीअरिंग हलतंय का?’ गाडीची चावी फिरत नाही म्हणून फोन केला, की इग्निशनचं काम करणारा कारागीर पहिल्यांदा हे विचारतो. मग दुसरी चावी घरात आहे का, ते विचारतो. चावी थोडी तरी फिरत असेल तर मीटरवरचे दिवे लागतात का? आणि गाडी उभी कुठे आहे? रस्त्याच्या कडेला, पोडियमवर, की तळघरात? अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड या पट्ट्यात स्कूटरवर पेटी बांधून फिरणाऱ्या या माणसांचं काम मी जवळून पाहत आलो आहे. त्यांच्या पेटीतल्या हत्यारांइतकेच मला हे प्रश्न महत्त्वाचे वाटतात. गाडी नजरेलाही पडलेली नसते, आणि दुखणं कुठे असेल याचा अंदाज त्यांना आलेला असतो.

हा कारागीर गाडीपाशी येतो, याला साधं कारण आहे. इग्निशन बिघडलेली गाडी त्याच्याकडे जाऊ शकत नाही. बॅटरी बसली तर ढकलून गाडी चालू करता येते, पंक्चर झालं तर स्टेपनी लावता येते. पण चावी फिरली नाही, तर स्टीअरिंग कुलूपबंद राहतं आणि गाडी हवी तिकडे वळवताच येत नाही. ओढून न्यायची तर पुढची चाकं उचलावी लागतात. उपनगरातल्या नव्या टॉवरांच्या तळघरांत छत इतकं खाली असतं की टोईंगची गाडी आत शिरत नाही. यांत्रिक पार्किंगच्या वरच्या पाळण्यात गाडी अडकली, तर आणखी पंचाईत. जुन्या इमारतींच्या आवारात गाड्या एकीमागे एक लावलेल्या असतात. त्यामुळे एक अडली की मागच्या दोघांचं ऑफिस बुडतं. अशा सकाळी सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कोणीतरी चावीवाल्याचा नंबर टाकतं आणि अर्ध्या-पाऊण तासात स्कूटर फाटकातून आत येते.

स्टीअरिंगचा प्रश्न पहिला का, ते बघू. चावी काढल्यावर इग्निशनच्या लॉकमधून एक पोलादी खुंटी पुढे येते आणि स्टीअरिंगच्या दांड्यातल्या खाचेत बसते. गाडी उभी करताना चाकं वळलेली राहिली, किंवा टायर फुटपाथच्या कडेला टेकून दबला, की सगळा ताण त्या खुंटीवर येतो. खुंटी मागे सरकू शकत नाही, म्हणून चावी फिरत नाही. कुलूप मात्र ठणठणीत असतं. डाव्या हाताने स्टीअरिंग ज्या बाजूला किंचित देतं त्या बाजूला धरायचं आणि उजव्या हाताने चावी हलकेच फिरवायची. खुंटीवरचा भार उतरला की चावी फिरते. चांगला कारागीर हे फोनवरच सांगतो आणि त्याचे पैसे घेत नाही. घाईत असलेला माणूस मात्र हे न करता चावीवर जोर काढतो. वर्षानुवर्षं झिजून पातळ झालेली चावी मग मध्येच पिळते आणि तुटून अर्धी आत राहते. फुकटात सुटणारं काम असं तासाभराचं होऊन बसतं.

दुसऱ्या चावीचा प्रश्न त्याहून खोल आहे. मोटारीच्या लॉकमध्ये एक नळकांडं असतं, त्याला बाजारात बॅरल म्हणतात. त्यात पितळेच्या पातळ पत्त्या एकीमागे एक बसवलेल्या असतात आणि प्रत्येक पत्तीला आपली बारीक स्प्रिंग. चावी आत नसताना पत्त्या नळकांड्याच्या बाहेर डोकावतात आणि बाहेरच्या घरातल्या खाचेत अडकून राहतात. चावी आत गेली की तिच्या दात्यांच्या चढउतारांप्रमाणे प्रत्येक पत्ती आपल्या ठरलेल्या जागी ओढली जाते. सगळ्या पत्त्या एका पातळीत आल्या तरच नळकांडं फिरतं. एक जरी केसभर बाहेर राहिली, तरी ते अडतं. पत्ती पितळेची, चावीही पितळेची किंवा तशाच मऊ मिश्रधातूची. दोन्ही एकमेकांवर घासत राहतात. गाडी नवी असताना जो उंचवटा टोकदार होता, तो दहा वर्षांनी गोलसर होतो. चावी जरा मागे ओढून, जरा वर उचलून फिरवायची सवय आपल्याला नकळत लागते. ‘आमच्या गाडीला एक ट्रिक आहे,’ असं आपण दुसऱ्याला सांगायला लागतो, तेव्हाच कारागिराला बोलवायची वेळ झालेली असते.

आता कपाटातली दुसरी चावी काढून लावली आणि लॉक लोण्यासारखं फिरलं, तर दोष चावीचा. लॉकला हात लावायचं काम नाही. त्या न झिजलेल्या चावीवरून नवी चावी कापून घेतली की झालं. दुसऱ्या चावीनेही लॉक अडखळलं, तर पत्त्या किंवा स्प्रिंगा गेलेल्या आहेत आणि बॅरल उघडावं लागेल. एवढा मोठा निर्णय कपाटातल्या एका चावीवर अवलंबून असतो. पण उपनगरातल्या किती घरांत ती दुसरी चावी चटकन सापडते? ती गाडी विकणाऱ्याकडे राहिलेली असते, भावाकडे पुण्याला असते, नाहीतर वॉचमनच्या खिळ्यावर टांगलेली असते.

वॉचमनच्या खिळ्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण मुंबईच्या उपनगरांत इग्निशन झिजण्यामागे तोही एक आहे. जिथे गाड्या एकीमागे एक लागतात, तिथे चाव्या फाटकाजवळच्या केबिनमध्ये ठेवण्याची पद्धत आहे. रात्री, पहाटे, दुपारी वॉचमन गाड्या पुढेमागे करतो. गाडी धुणारा मुलगाही तेच करतो. म्हणजे दिवसाला दोनदा फिरायची ती चावी आठ-दहा वेळा फिरते, आणि तीही वेगवेगळ्या हातांनी, वेगवेगळ्या जोराने. भाड्याने चालणाऱ्या गाड्यांची गोष्ट याच्याही पुढची. इंधन वाचवायला चालक प्रत्येक थांब्यावर, कधी लांबलेल्या सिग्नललाही, इंजिन बंद करतात. घरगुती गाडीचं लॉक जेवढं कित्येक वर्षांत फिरतं, तेवढं त्यांचं थोड्या काळात फिरून होतं.

त्यात इथली हवा. समुद्र जवळ, पावसाळ्याचे चार महिने दमट, आणि उरलेल्या वेळात धूळ. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो २०१४ मध्ये सुरू झाली, दहिसर ते अंधेरीच्या मार्गिका २०२२-२३ मध्ये पूर्ण झाल्या, आणि लालबहादूर शास्त्री मार्गावर घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत मेट्रोच्या खांबांचं काम वर्षानुवर्षं रहिवाशांच्या डोळ्यांसमोर आहे. रस्ते काँक्रीटचे होत आहेत, जुन्या इमारती पाडून टॉवर उठत आहेत. ही सिमेंट-वाळूची भुकटी खिशातल्या चावीला चिकटते आणि चावीबरोबर लॉकमध्ये जाते. पितळेच्या पत्तीला ती कानशीसारखी खाते. स्प्रिंगा पोलादाच्या, त्यांना आधी गंज धरतो. बाहेरचं घर जस्ताच्या मिश्रधातूचं, त्यावर पांढरट बुरा चढतो.

आणि मग आपण त्यात तेल घालतो. चावी अडकली की घरातलं खोबरेल, शिलाई मशीनचं तेल, नाहीतर गंजावर मारायचा फवारा, जे हाताशी येईल ते. दोन-तीन दिवस लॉक छान चालतं. मग त्या तेलावर धूळ बसते आणि दोन्हींची मिळून काळी पेस्ट तयार होते. कारागीर बॅरल उघडतो तेव्हा पत्त्या त्या पेस्टमध्ये रुतलेल्या दिसतात. खोबरेल थंडीत गोठतं, हे मराठी माणसाला सांगायला नको. लॉकसाठी कोरडं वंगण हवं. ग्रॅफाइटची भुकटी उत्तम. ती नसेल तर पेन्सिलीचं शिसं चावीच्या दात्यांवर घासून ती चावी काही वेळा आतबाहेर केली तरी पुष्कळ फरक पडतो. पेन्सिलीचं शिसं म्हणजे ग्रॅफाइट आणि चिकणमातीच. हा उपाय कारागीर मोकळेपणाने सांगतात, आपलं गिऱ्हाईक कमी होईल याची पर्वा न करता.

२६ जुलै २००५ चा उल्लेख या विषयात टाळता येत नाही. सांताक्रूझच्या वेधशाळेत त्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. कुर्ला, कलिना, घाटकोपरच्या सखल भागांत गाड्या छतापर्यंत बुडाल्या. विजेवर चालणारी कुलुपं आणि काचा बंद पडल्या, आणि काही माणसं आपल्याच गाडीत अडकून गेली. जी गाडी चावीने उघडते, तिचं ते साधं लोखंडी-पितळी कुलूप चालू स्थितीत असणं ही चैनीची गोष्ट नाही, हे त्या दिवशी मुंबईने फार मोठी किंमत देऊन पाहिलं. बुडालेल्या गाड्या पुढे सुकवल्या, इंजिनं खोलली, सीटचे स्पंज बदलले. इग्निशनच्या बॅरलमधला गाळ मात्र बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. पुरात बुडालेली गाडी नंतर विकली जाते, आणि चावी अडायला लागते तेव्हा ती दुसऱ्याच्या, तिसऱ्याच्या हातात असते.

आता प्रत्यक्ष काम. कारागीर आधी गाडीची कागदपत्रं बघतो, मग बॉनेट उघडून बॅटरीची वायर सोडवतो आणि काही मिनिटं थांबतो. हे थांबणं महत्त्वाचं आहे. भारतात जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांत चालकासमोर एअरबॅग सक्तीची झाली. ती स्टीअरिंगच्या मधोमध, म्हणजे या माणसाच्या तोंडासमोर असते. तिच्या वायरी पिवळ्या वेष्टणात असतात आणि त्यांना उगाच हात लावायचा नसतो. ज्याला हे ठाऊक नाही त्याने स्टीअरिंगखालचं प्लास्टिकचं कव्हर उघडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

कव्हर निघालं की लॉकचं घर दिसतं. ते ज्या बोल्टांनी आवळलेलं असतं, त्यांची डोकी कारखान्यातच मोडून टाकलेली असतात, म्हणजे पान्याला धरायला काही उरत नाही. चोराला अडवण्यासाठी केलेली ही योजना. त्यामुळे सगळं घर उतरवणं हे कष्टाचं काम आहे आणि कुशल माणूस होता होईल तो ते टाळतो. चावी थोडी तरी फिरत असेल, तर आतलं बॅरल तेवढं बाहेर काढता येतं. म्हणून चावी अडखळायला लागली, त्याच आठवड्यात बोलवावं. पूर्ण जाम झाल्यावर बोलावलं तर वेळ दुप्पट लागतो, आणि कधीकधी लॉक ड्रिल मारून फोडण्यावाचून इलाज राहत नाही.

बॅरल बाहेर आलं की तो सावलीत बसतो. मांडीवर जाडसर कापड, त्यावर वर्तमानपत्राचा तुकडा. चिमट्याने एकेक पत्ती काढून ज्या क्रमाने निघाली त्याच क्रमाने कागदावर मांडतो. हा क्रम चुकला तर सगळं गेलं. वाऱ्याची झुळूक आली की तो हाताचा आडोसा करतो, कारण स्प्रिंगा इतक्या बारीक असतात की एक उडाली तर लादीवर शोधूनही सापडत नाही. बॅरल पेट्रोलमध्ये बुडवून ब्रशने धुतो, खाचांतला गाळ टोकदार तारेने काढतो. मग चावी रिकाम्या बॅरलमध्ये घालून पत्त्या परत एकेक बसवतो आणि प्रत्येकीवर अंगठा फिरवून बघतो. जी उंच लागते ती बदलायची. पेटीत प्लास्टिकच्या डब्या असतात, त्यात नंबरांप्रमाणे वेगळ्या केलेल्या पत्त्या. त्यातल्या काही नागदेवी भागातून विकत आणलेल्या, पुष्कळशा भंगारात गेलेल्या गाड्यांच्या लॉकमधून काढलेल्या. कुर्ला-कलिनाच्या सीएसटी रोडवर जुन्या मोटारींचे सुटे भाग विकणारी दुकानं ओळीने आहेत. या धंद्याची अर्धी रसद तिथून येते. हव्या त्या नंबरची पत्ती नसेल, तर जवळची घेऊन बारीक कानशीने घासून जुळवायची. दोन घाव, अंगठा, पुन्हा एक घाव, पुन्हा अंगठा. डोळ्यांपेक्षा अंगठ्याला अधिक कळतं.

इथेच चांगलं काम आणि वाईट काम वेगळं होतं. अडणाऱ्या पत्त्या जुळवण्याऐवजी त्या काढूनच टाकल्या, तर लॉक दहा मिनिटांत फिरायला लागतं. गिऱ्हाईक खूश, पैसे हातात. पण दहांपैकी चार पत्त्या काढल्या तर त्या लॉकमध्ये सहाच पत्त्यांचा पहारा उरतो, आणि दुसऱ्या कुणाच्या झिजलेल्या चावीनेही ते फिरण्याची शक्यता वाढते. कधी कधी चालत्या गाडीत चावी आपणहून बाहेर येते. एखादी पत्ती वगळण्यावाचून गत्यंतर नसतं, हे मान्य. पण ते गिऱ्हाइकाला सांगून करायला हवं. माझी सगळ्यांना विनंती आहे: काम झाल्यावर ‘किती पत्त्या काढल्या?’ हा एक प्रश्न जरूर विचारा. नीट काम करणाऱ्याला त्याचा राग येत नाही. उलट, बदललेल्या पत्त्या तो तळहातावर ठेवून दाखवतो.

चावीच्या नकलांचीही अशीच गोष्ट. यंत्रावर मूळ चावीवरून नक्कल निघते, तेव्हा झिजलेला उंचवटा झिजलेलाच उतरतो, वर यंत्राची आपली किंचित चूक. त्या नकलेवरून पुढची नक्कल काढली की चूक वाढते. शेजारशेजारच्या दोन नंबरांच्या पत्त्यांत फरक असतो मिलिमीटरच्या एखाद्या अंशाचा, त्यामुळे तिसऱ्या पिढीची चावी लॉकला परकीच वाटते. स्टेशनबाहेरच्या टपरीवर घाईघाईने काढलेली स्वस्त चावी चांगल्या लॉकलाही खराब करते, कारण तिच्या खरखरीत कडा पत्त्यांवर घासत राहतात. जाणकार माणूस म्हणून झिजलेल्या चावीची नक्कल करत नाही. मूळ कोड नंबर मिळाला तर त्यावरून मापं काढतो, नाही मिळाला तर बॅरल उघडून पत्त्यांचे नंबर वाचतो, आणि कारखान्यातून निघाली असती तशी चावी नव्याने कापतो. जुन्या पिढीतले काहीजण हे काम पकडीत कोरी चावी धरून, नुसत्या कानशीने करतात. ते एकदा तरी पाहावं.

मीटरवरच्या दिव्यांचा प्रश्न विजेचा. बॅरलच्या मागे एक स्विच असतो. चावी फिरते ती शेवटी हा स्विच फिरवण्यासाठी. त्याचे संपर्कबिंदू जळले की चावी छान फिरते, पण सेल्फ लागत नाही, किंवा चालत्या गाडीत मीटर क्षणभर मरतं. इथे लॉक खोलण्यात अर्थ नाही, स्विच बदलला की काम होतं.

या छोट्या स्विचमुळे काय होऊ शकतं, याचा पुरावा अमेरिकेत आहे. जनरल मोटर्सच्या शेव्हरोले कोबाल्ट आणि इतर काही गाड्यांतला इग्निशन स्विच फार सैल होता. चावीच्या जुडग्याला धक्का लागला किंवा जुडगं जड असलं, की चालत्या गाडीत स्विच मागे सरकायचा. इंजिन बंद, स्टीअरिंगची मदत बंद, आणि एअरबॅगही बंद. २०१४ मध्ये कंपनीने सुरुवातीला सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावल्या. नुकसानभरपाईसाठी नेमलेल्या निधीने १२४ मृत्यू या दोषामुळे झाल्याचं मान्य केलं. पुढच्या वर्षी कंपनीने फौजदारी प्रकरण मिटवण्यासाठी ९० कोटी डॉलर भरले. आपल्याकडे गाडीच्या चावीला घराची चावी, लॉकरची चावी, पितळेचा गणपती आणि बाटली उघडायचं साधन अडकवलेलं असतं. खड्ड्यात गाडी आदळली की हे सगळं वजन बॅरलमध्ये हिसके देतं. सगळ्या गाड्यांचे स्विच कोबाल्टसारखे सैल नाहीत, पण पत्त्या मात्र सगळ्यांच्याच झिजतात. गाडीची चावी एकटी ठेवावी.

गेल्या दोन-अडीच दशकांत या कामात नवी गुंतागुंत आली ती चिपची. युरोपात १९९८ पासून नव्या गाड्यांत इमोबिलायझर सक्तीचा झाला. भारतातल्या कंपन्यांनीही तो टप्प्याटप्प्याने आणला. चावीच्या डोक्यात एक बारीकशी चिप बसवलेली असते. इग्निशनच्या तोंडाभोवतीचं तारेचं वेटोळं ती वाचतं आणि ओळख पटली तरच इंजिन चालू राहतं. म्हणजे पितळेची चावी लॉक फिरवते, पण परवानगी देते ती चिप. चावीचं प्लास्टिक तुटलं म्हणून बाजारातून नवं कव्हर आणून लावलं आणि चिप जुन्या तुकड्यांबरोबर कचऱ्यात गेली, तर लॉक फिरतं, सेल्फ लागतो, आणि गाडी लगेच बंद पडते. लोक लॉकला दोष देत राहतात. कारागिराच्या पेटीत म्हणून आता कानशीशेजारी लॅपटॉप आणि गाडीच्या संगणकाशी बोलणारं यंत्र आलं आहे. वडील पत्त्या जुळवतात आणि मुलगा कोडिंग करतो, अशी विभागणीही घराघरांत झाली आहे.

चिपला नावं ठेवण्यात अर्थ नाही. अमेरिकेत ह्युंदाई आणि कियाने कित्येक वर्षं स्वस्त मॉडेलांत इमोबिलायझर दिलाच नाही. ही गाडी कशी पळवायची याचे व्हिडिओ पसरले आणि चोऱ्यांची लाट आली. फेब्रुवारी २०२३ मध्ये या कंपन्यांना सुमारे ८३ लाख गाड्यांसाठी नवं सॉफ्टवेअर द्यावं लागलं. चिप हवीच. प्रश्न आहे तो तिची भाषा कोणाला शिकवायची याचा.

उपनगरांना हा प्रश्न जुन्या काळात पडत नव्हता, कारण गाडी इथेच बनत होती. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना कुर्ल्याला होता. फियाटच्या सहकार्याने तिथे ज्या गाड्या बनल्या, त्यांचंच पुढे प्रीमियर पद्मिनी असं नाव झालं. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा चेहरा म्हणजे ही गाडी. पद्मिनीची शेवटची टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरात ताडदेवला नोंदली गेली, आणि वीस वर्षांची मर्यादा संपल्यामुळे ऑक्टोबर २०२३ अखेर त्या टॅक्स्या रस्त्यावरून गेल्या. त्या गाडीत झाकलेलं असं काही नव्हतं. सुटे भाग काउंटरवर मिळत, आणि हात चालवायची इच्छा असलेल्या कुठल्याही पोऱ्याला ती खोलून शिकता येत असे. उपनगरांतले आजचे वयस्क मेकॅनिक त्या शाळेतले.

आज अधिकृत सर्व्हिस सेंटरला इग्निशन अडतंय म्हणून सांगितलं, तर बहुधा पूर्ण लॉकसेट बदलायचा सल्ला मिळतो: इग्निशन, दारं, डिकी, सगळ्यांची नवी कुलुपं आणि नव्या चाव्या. बिल हजारांत जातं, आणि भाग येईपर्यंत गाडी उभी. दोन पत्त्या आणि तीन स्प्रिंगांचं हे दुखणं. सर्व्हिस सेंटरचीही बाजू आहे. त्यांना वॉरंटी द्यायची असते आणि हाताने घासलेल्या पत्तीची वॉरंटी लिहून देता येत नाही. पण ज्याची गाडी बारा वर्षांची आहे, त्याला हा एकच रस्ता का असावा?

हा सवाल भारतात कायद्याच्या दारात गेलेला आहे. सुटे भाग आणि दुरुस्तीची यंत्रं बाहेरच्या गॅरेजांना मिळत नाहीत, अशी तक्रार २०११ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाकडे झाली. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपये दंड ठोठावला आणि सुटे भाग, माहितीपुस्तिका व तपासणीची साधनं स्वतंत्र दुरुस्ती करणाऱ्यांना उपलब्ध करून देण्याचे आदेश दिले. प्रकरण पुढे अपिलांत गेलं. २०२२ च्या डिसेंबरात केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, त्यात मोटारींचाही समावेश आहे. घाटकोपरच्या गल्लीत बसलेल्या माणसाला यातलं किती पोचलं? तो अजूनही परदेशी बनावटीच्या यंत्रावर आणि ओळखीतून मिळालेल्या माहितीवर काम भागवतो. चावीचा कोड सगळ्यांना खुला करता येणार नाही, हे मला पटतं. पण ओळख पटवलेल्या, नोंद असलेल्या कारागिराला तो मिळण्याची अधिकृत वाट असायला हवी.

नोंदीची गोष्ट मी मुद्दाम काढतो आहे. चावी करणाऱ्यावर संशय फार लवकर येतो. परिसरात चोरी झाली की लोकांच्या डोळ्यांसमोर पहिला तोच येतो. महाराष्ट्रात हा व्यवसाय करणाऱ्यांत शिकलकरी शीख कुटुंबं पुष्कळ आहेत. शस्त्रं घडवणं आणि त्यांना धार लावणं हा त्यांचा पिढीजात उद्योग. १८७८ च्या शस्त्र कायद्यासारख्या इंग्रजी निर्बंधांनी तो आटला, आणि धातूची जाण कुलूप-चावीकडे वळली. उत्तर प्रदेशातून आलेले कारागीरही आहेत. अलीगढ तर कुलुपांसाठीच प्रसिद्ध. मराठी मुलंही आता या कामात दिसतात. कुणाचंही नाव मी इथे लिहिलेलं नाही, कारण त्यांची रोजीरोटी सर्वस्वी लोकांच्या भरवशावर चालते.

तो भरवसा ते कसा राखतात, हे पाहण्यासारखं आहे. गाडीचं आरसी आणि मालकाचं ओळखपत्र पाहिल्याशिवाय लॉकला हात लावायचा नाही. दोन्हींवरची नावं जुळत नसतील तर मालकाला फोन करायचा. चावी हरवली असेल तर पोलिसांतली हरवल्याची नोंद मागायची. पेटीत एक वही असते, त्यात तारीख, गाडीचा नंबर, काय काम केलं आणि गिऱ्हाइकाची सही. पुष्कळ गिऱ्हाइकांना याचा राग येतो. ‘माझीच गाडी आहे, दिसत नाही का?’ असं ऐकावं लागतं. खरं तर जो कागद न बघता गाडी उघडतो, तो उद्या आपली गाडीही दुसऱ्यासाठी तशीच उघडेल. कागद मागणाऱ्याला दोन पैसे जास्त द्यावेत. बिलही मागून घ्यावं, कारण गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही मूळ चाव्या मागते, आणि चावी बदलल्याचा कागद हाताशी नसेल तर दावा अडकतो.

बटण दाबून चालू होणाऱ्या गाड्या वाढत आहेत. त्यांत बॅरल नाही, पत्ती नाही. त्यांचंही स्टीअरिंग कुलूपबंद होतं, फक्त खुंटी मागे घेणारी मोटर विजेवर चालते. ती अडली की गाडी तितकीच ठप्प होते आणि कारागिराला तळघरात तितकंच यावं लागतं. पण चावीच्या गाड्या अजून पंधरा-वीस वर्षं तरी रस्त्यावर राहतील, आणि त्या जितक्या जुन्या होतील तितकं हे काम वाढेल. ते शिकण्याची जागा मात्र आज मामाच्या नाहीतर मोठ्या भावाच्या शेजारी, स्टुलावर, एवढीच आहे. मुलुंड, बोरिवली आणि अंधेरीला शासकीय आयटीआय आहेत, मोटार मेकॅनिकचं शिक्षण राज्यभरच्या अशा संस्थांत दिलं जातं. त्यात लॉक, स्टीअरिंग, एअरबॅगची खबरदारी, चिपचं कोडिंग आणि कागदपत्रं तपासण्याची शिस्त असा काही आठवड्यांचा वर्ग जोडावा, तो पूर्ण करणाऱ्याला फोटोचं ओळखपत्र द्यावं, आणि पत्त्या जुळवायला शिकवण्यासाठी याच गल्ल्यांतल्या कारागिरांना मानधन देऊन बोलवावं.